खानदेशातून गुजरात सायन्स सिटी: मत्स्यालय आणि रोबोंचा एक दिवस कसा आखावा

अहमदाबादच्या सोला भागात असलेली गुजरात सायन्स सिटी शंभर हेक्टरांहून मोठ्या जागेवर पसरली आहे, म्हणजे अडीचशे एकरांहून जास्त. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून लेकरांना घेऊन एवढ्या लांब जायचं म्हटल्यावर ‘आलोच आहोत तर सगळं बघून घेऊ’ असं वाटणं साहजिक आहे. पण सहल बिघडते ती तिथेच. दुपारी तीनपर्यंत धाकट्याचे पाय दुखायला लागतात, आजी बाकावर बसून राहते, आणि ज्या मत्स्यालयासाठी आलो ते गर्दीत ढकलत ढकलत बघावं लागतं. म्हणून सरळ हिशेब ठेवा: एका दिवसात दोन मोठी दालनं आणि एक मोकळी बाग. मत्स्यालय, रोबोटिक्स आणि नेचर पार्क, याच क्रमाने. तिन्हींचं उद्घाटन १६ जुलै २०२१ रोजी झालं. बाकीचं बघायचं असेल तर दुसरा दिवस धरा, नाहीतर सोडून द्या.

दिवस कोणता धरायचा

सायन्स सिटी सोमवारी बंद असते. शनिवार-रविवारी अख्खं अहमदाबाद तिकडे लोटतं. आपल्यासाठी बुधवार आणि गुरुवार सगळ्यात चांगले. दिवाळीनंतर जानेवारीपर्यंत शाळांच्या सहलींचे दिवस असतात. तेव्हा कुठल्याही वारी बस भरभरून मुलं येतात, त्यामुळे दार उघडताना हजर राहण्याला पर्याय नाही.

मुलांच्या दिवाळीच्या सुटीत जाणार असाल तर एक गोष्ट ध्यानात घ्या. गुजरातेत दिवाळीनंतर लाभपंचमीपर्यंत बरीच दुकानं आणि खानावळी बंद असतात, आणि बाहेर पडलेल्या घरांमुळे फिरण्याच्या ठिकाणी गर्दी असते. लाभपंचमी झाल्यावर दोन-तीन दिवसांनी गेलेलं बरं. १४ आणि १५ जानेवारीला उत्तरायण असतं. शहर गच्चीवर पतंग उडवत असतं, रिक्षा कमी मिळतात, आणि मांजाच्या भीतीने दुचाकीवरून फिरणं नकोच.

मे महिन्यात दालनांच्या आत गारवा असला तरी एका दालनातून दुसऱ्या दालनाकडे चालत जाणं उन्हातच होतं. भुसावळच्या उन्हाची सवय असली तरी तापलेल्या फरशीवरून चार वर्षांचं लेकरू चालवणं वेगळं. पावसाळ्यात अडचण गाडीची असते. सप्टेंबर २०२३ मध्ये नर्मदेला पूर आला आणि अंकलेश्वर-भरूच दरम्यान रेल्वे वाहतूक थांबली होती. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये निघायचं असेल तर परतीसाठी एक दिवस हाताशी मोकळा ठेवा.

जायचं कसं

एका दिवसात जाऊन येणं खानदेशातून जमत नाही. रस्त्याने धुळे ते सुरत सुमारे सव्वादोनशे किलोमीटर, आणि सुरतेपासून अहमदाबाद आणखी अडीचशेहून जास्त. साक्रीच्या पुढे कोंडाईबारीचा घाट, नवापूर, व्यारा, बारडोली करत सुरत गाठेपर्यंतच अर्धा दिवस जातो. जळगाव-भुसावळकरांना धुळ्यापर्यंतचे आणखी तास. स्वतःची गाडी असली तरी मुलांसाठी रेल्वेच बरी. गाडीनेच निघालात तर गुजरातेत दारूबंदी आहे आणि सीमेवर तपासणी होते, हे सोबतच्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवा.

रेल्वेने जाताना सगळ्यात सोयीची नवजीवन एक्सप्रेस. चेन्नईहून येणारी ही गाडी सकाळी भुसावळ आणि जळगाव घेते, तापी खोऱ्यातून नंदुरबार, सुरत करत दुपारनंतर अहमदाबादला पोचते. त्या रात्री मुक्काम, दुसरा अख्खा दिवस सायन्स सिटीत, आणि त्याच रात्री अहमदाबादहून सुटणारी परतीची नवजीवन. ती पहाटे-सकाळी खानदेशात सोडते. दोन दिवसांची सुटी, एकच मुक्काम. रात्री आपल्याकडून निघून सकाळी अहमदाबादला पोचणाऱ्या काही गाड्याही आहेत, पण त्या ओडिशा-बंगालकडून लांबून येतात आणि उशीर झाला की दिवसाची घडी विस्कटते. लेकरं सोबत असताना आदल्या दुपारी पोचणं जास्त भरवशाचं.

धुळे शहराचं स्थानक चाळीसगावच्या फाट्यावर आहे, तापी मार्गावर नाही. धुळेकरांनी नरडाणा, शिंदखेडा, दोंडाईचा किंवा नंदुरबार यांपैकी जिथे निवडलेली गाडी थांबते ते स्थानक धरावं. अमळनेर-धरणगावकडच्यांनीही थांबा आधी तपासावा. या मार्गावर लांबच्या गाड्या लहान स्थानकांवर थांबतीलच असं नाही.

आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. मुलांच्या तिकिटाचा नियम समजून घेतला तर पैसे आणि झोप दोन्ही वाचतात. पाच वर्षांखालच्या मुलाला बर्थ नको असेल तर तिकीट लागत नाही. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला बर्थ न घेता अर्धं भाडं, बर्थ घेतला तर पूर्ण भाडं. जाताना दिवसाचा प्रवास आहे, तेव्हा अर्ध्या तिकिटावर मांडीशी बसवून नेता येतं. परतताना रात्र आहे, दिवसभर चाललेलं मूल आहे, तेव्हा त्याच्या नावाचा पूर्ण बर्थ घ्याच. दोन माणसं एका बर्थवर आठ तास अवघडून येतात आणि दुसऱ्या दिवशी दोघंही आजारी पडतात. तिकिटावर उतरण्याचं स्थानक अहमदाबाद आहे, मणिनगर आहे की साबरमती, हे नीट वाचा. अहमदाबादचं काळूपूर स्थानक नव्याने बांधलं जात असल्याने काही गाड्या आजूबाजूच्या स्थानकांवर वळवल्या जातात.

मुक्काम आणि सामान

मुक्कामाला दोन पर्याय. काळूपूर स्थानकाजवळ खोल्या स्वस्त मिळतात, पण सायन्स सिटी तिथून साधारण पंधरा किलोमीटर पश्चिमेला. सोला, थलतेज किंवा एस. जी. हायवेच्या बाजूला भाडं जास्त, पण सकाळी आवरून वीस मिनिटांत दाराशी. लहान मुलं असतील तर जास्तीचे पैसे इथेच खर्च करावेत. सकाळचा पहिला तास हाच दिवसातला सगळ्यात मोलाचा तास असतो.

काळूपूरला राहिलात तर मेट्रो वापरा. काळूपूर रेल्वे स्टेशन नावाचं भुयारी मेट्रो स्थानक आहे. तिथून थलतेजकडे जाणारी गाडी धरायची, थलतेजला उतरायचं आणि पुढचे चार-पाच किलोमीटर रिक्षा. सकाळच्या वाहतुकीत आश्रम रोड ओलांडत रिक्षाने जाण्यापेक्षा हे वेळेवर होतं.

सामानाचं आधी ठरवा. खोली बहुधा अकरा-बाराला सोडावी लागते आणि आपली गाडी रात्री. थलतेजच्या बाजूला राहिलात तर सकाळीच खोली सोडून बॅगा त्यांच्याच काउंटरवर ठेवा, संध्याकाळी स्थानकाकडे जाताना उचला. काळूपूरला असाल तर रेल्वेची क्लोकरूम आहे. तिथे बॅगेला कुलूप हवं, प्रवासाचं तिकीट आणि ओळखपत्र हवं. चेन तुटलेली बॅग आणि दोरीने बांधलेलं गाठोडं घेत नाहीत, त्यामुळे छोटी कुलपं घरूनच न्या.

तिकिटं

आवाराचं प्रवेशतिकीट वेगळं आणि मत्स्यालय, रोबोटिक्स अशा दालनांची तिकिटं वेगळी. दाराशी फक्त प्रवेश घेऊन आत गेलेल्यांना दालनापाशी पुन्हा रांग लावावी लागते. सायन्स सिटीच्या अधिकृत संकेतस्थळावर आदल्या रात्री दर, वेळा आणि त्या दिवशी बंद असलेलं दालन बघून सगळी तिकिटं एकदम काढा. मोबाइलवर त्यांचा स्क्रीनशॉट ठेवा, आणि तो दोन मोठ्यांच्या फोनवर ठेवा. मुलांची शाळेची ओळखपत्रं आणि लहानांच्या वयाचा पुरावा जवळ असू द्या.

आधी मासे

सकाळी दार उघडताच थेट मत्स्यालयाकडे चालू लागा. वाटेत फोटो काढत थांबू नका, ते संध्याकाळी काढता येतात. सहलीच्या बस यायला लागल्या की पहिली गर्दी इथेच होते.

आत अंधार असतो. उन्हातून आलेल्या डोळ्यांना सरावायला पाच-दहा मिनिटं लागतात, आणि तीन-चार वर्षांची मुलं याच पाच मिनिटांत घाबरून रडतात. दाराच्या आत लगेच थांबा, मुलाला कडेवर घ्या, डोळे सरावले की पुढे चला. आवाज करणारी, लाइट लागणारी चप्पल-बूट नकोत.

दालनात जगाच्या वेगवेगळ्या भागांतले जलचर वेगवेगळ्या टाक्यांमधून मांडले आहेत. उद्घाटनाच्या वेळी १८८ जातींचे ११,६०० हून जास्त मासे असल्याचं सांगितलं गेलं होतं. प्रत्येक टाकीपाशी सारखाच वेळ देऊ नका. आपल्या मुलांनी रोहू, कटला, मरळ बाजारात बघितलेले असतात. हतनूर, गिरणा, उकई या धरणांचे मासे घराघरात येतात. म्हणून गोड्या पाण्यातल्या, आपल्या ओळखीच्या माशांपासून सुरुवात करा. एकदा ‘हा आपल्याकडचा’ असं म्हणत बोट दाखवता आलं की मूल पुढच्या अनोळखी माशांकडे नीट बघायला लागतं. थेट शार्ककडे धावत नेलं तर बाकी सगळं त्याला फिकं वाटतं.

शार्क मुख्य टाकीत आहेत आणि तिच्याखालून २८ मीटर लांबीचा चालत जायचा बोगदा आहे. इथे पंधरा मिनिटं तरी काढा. मुलांना एक काम द्या: शार्कच्या मानेशी असलेल्या फटी मोजा. बहुतेक शार्कना दोन्ही बाजूंना पाच-पाच उघड्या फटी असतात, तर रोहूसारख्या हाडाच्या माशाला एकेका बाजूला कल्ल्यावर एकच झाकण असतं. दुसरं काम: कोण एका जागी थांबू शकतं ते बघा. हाडाच्या माशांच्या पोटात हवेची पिशवी असते, तिच्या जोरावर ते पाण्यात तरंगत थांबतात. शार्कला ती नसते. त्याचं मोठं, तेलकट यकृत त्याला थोडं हलकं करतं, पण मधल्या पाण्यात राहायचं तर पोहावंच लागतं, नाहीतर तळाशी टेकावं लागतं. शिकवणीसारखं सांगू नका. मुलाने ‘हा थांबत का नाही?’ असं विचारलं की मग सांगा.

बोगद्यातले मासे खरे असतात त्यापेक्षा लहान दिसतात. सपाट भिंतीतून पाण्यात बघताना प्रकाश वाकतो आणि मासा जवळ आणि मोठा भासतो. बोगद्याची भिंत आपल्याभोवती गोल वळलेली असते, म्हणून मासा जवळ आल्यासारखा वाटतो पण लहानच दिसतो. एकच शार्क आधी सपाट खिडकीतून आणि मग बोगद्यातून बघायला सांगा, मुलं स्वतःच फरक ओळखतात. घरी पाण्याच्या पेल्यात पेन्सिल तिरकी ठेवून दाखवलेली असेल तर उत्तमच.

फोटोचे नियम थोडे आणि पक्के. फ्लॅश बंद. त्याने मासे बिचकतात, आणि फोटोतही भिंतीवरचा पांढरा ठिपकाच येतो. फोनची लेन्स भिंतीला जवळजवळ टेकवा आणि समोर सरळ धरा. जाड ॲक्रिलिकमधून तिरकं बघितलं की कडांना रंगीत रेघा येतात आणि मासा पुसट होतो. अंधारात पोहणाऱ्या माशाचा फोटो हलतोच, म्हणून मासा वळायला येतो त्या कोपऱ्याजवळ थांबा, वळताना त्याचा वेग कमी होतो. आणि भिंतीवर टकटक करू देऊ नका. आवाज पाण्यात हवेपेक्षा चारपटींहून जास्त वेगाने जातो, आणि माशाच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना असलेली पार्श्वरेषा पाण्यातली बारीक थरथरसुद्धा टिपते. आपल्याला गंमत वाटते, त्याला तो धक्का असतो. सहा वर्षांच्या मुलालाही हे कळतं, फक्त आत शिरण्याआधी सांगावं लागतं.

पेंग्विन बघायला गेलात तर मुलं विचारतील की बर्फ कुठे आहे. आफ्रिकी पेंग्विन बर्फातले नसतात. ते दक्षिण आफ्रिका आणि नामिबियाच्या खडकाळ किनाऱ्यांवर राहतात. एवढं एक वाक्य आधी ठाऊक असलं की हिरमोड होत नाही.

मत्स्यालयाला दोन तास धरा. खाणंपिणं आत चालत नाही, म्हणून शिरण्याआधी सगळ्यांचं पाणी आणि लघवी उरकून घ्या. मधूनच बाहेर पडलं तर पुन्हा आत सोडतीलच असं नाही.

जेवण, मग रोबो

बारा-साडेबाराला जेवून घ्या. दीडला सगळेच जेवायला निघतात. आवारात खायला मिळतं, पण लहानांसाठी दशम्या आणि शेंगदाण्याची सुकी चटणी घरूनच घ्या. दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या थंडीच्या दिवसांत दोन दिवस सहज टिकतात. एप्रिल-मेमध्ये दुसऱ्या दिवशी वास येतो, तेव्हा गुजरातेत पावलोपावली मिळणारा खाकराच बरा. बाहेरचं खाणं आवारात कुठे बसून खाता येईल ते दाराशीच विचारून घ्या. भरल्या वांग्याचा डबा, रस्सा, दही असलं काही नको. सांडलं की दिवसभर कपड्याला वास.

रोबोटिक्स दालन मजल्यांचं आहे. उद्घाटनाच्या वेळी त्यात ७९ प्रकारचे २०० हून जास्त रोबो होते. दाराशी सिनेमातल्या ‘ट्रान्सफॉर्मर’ रोबोची अवाढव्य प्रतिकृती, आत स्वागताला माणसासारखा रोबो, आणि वर वैद्यक, शेती, अवकाश, संरक्षण अशा कामांचे रोबो. इथे एकच गोष्ट बिघडते: बरेच रोबो ठरलेल्या वेळीच हलतात. वेळ न विचारता फिरलात तर मुलांना नुसती उभी यंत्रं दिसतात. शिरताच प्रात्यक्षिकांच्या वेळा विचारा, त्या फोनवर लिहा आणि त्याप्रमाणे मजले फिरा. शेतकरी घरातल्या मुलांना शेतीच्या रोबोपाशी थांबवा. फवारणी, निंदणी, तोडणी ही कामं त्यांनी कपाशीत, केळीत बघितलेली असतात, त्यांचे प्रश्न शहरातल्या मुलांपेक्षा नेमके असतात. दीड ते दोन तास पुरतात.

चारनंतर बाहेर

नेचर पार्क उन्हं कलल्यावर. वीस एकरांच्या आसपास बाग आहे. धुक्याची बाग, बुद्धिबळाचा पट, भूलभुलैया, आणि मॅमथ, टेरर बर्ड, सुळेदात्या वाघासारख्या नामशेष प्राण्यांचे पुतळे, सोबत माहितीचे फलक. दिवसभर ‘हात लावू नको, पळू नको’ ऐकलेल्या मुलांना इथे मोकळं सोडा. फोटोही इथेच काढा.

आवार मोठं असल्याने चुकामूक होते ती इथेच. सकाळी आवारात पाऊल टाकल्यावर मुलांना एक जागा दाखवून ठेवा: ‘हरवलास तर इथे ये किंवा गणवेशातल्या माणसाला सांग.’ लहानांच्या खिशात मोठ्यांचे दोन फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी हवी, कारण पाच वर्षांच्या मुलाला नंबर पाठ असला तरी रडताना आठवत नाही. सकाळी निघतानाच प्रत्येक मुलाचा त्या दिवशीच्या कपड्यांतला फोटो काढा, शोधताना तो दाखवता येतो.

आजी-आबांना तिन्ही ठिकाणी फिरवू नका. गुडघे दुखत असतील तर मत्स्यालय त्यांना सगळ्यात आवडतं, ते सोबत बघा. रोबोच्या वेळेला एका मोठ्या माणसाने त्यांच्याबरोबर बाहेर सावलीत बसावं. चाकाची खुर्ची किंवा बॅटरीवरची गाडी मिळते का ते सकाळी दाराशीच विचारा, दुपारी पाय दुखायला लागल्यावर नाही. रक्तदाब-साखरेच्या गोळ्या बॅगेत नाही, त्यांच्याच खिशात.

परतीचा हिशेब

गाडी रात्री नऊच्या सुमाराची असली तर संध्याकाळी साडेसहाला आवार सोडा. एस. जी. हायवेवर ऑफिसं सुटण्याची वेळ असते, आणि नवरात्रीत तर गरब्यामुळे सातनंतर रस्ते भरून वाहतात. सामान थलतेजला उचलायचं असेल तर अर्धा तास वाढवा. स्थानकाजवळ आठपर्यंत पोचलात तर बसून गरम जेवता येतं. संध्याकाळच्या एखाद्या खेळासाठी तासभर थांबायचा मोह झाला तर आधी तिकिटावरची सुटण्याची वेळ बघा, मग ठरवा.

गाडीत बसल्यावर अलार्म दोन फोनवर लावा, एक उतरण्याच्या पाऊण तास आधीचा आणि दुसरा वीस मिनिटं आधीचा. गाडी तशीच पुढे चेन्नईला जाते. जळगावकरांची झोप लागली तर पुढे भुसावळ आहे, पण भुसावळकरांची लागली तर गाडी विदर्भाकडे निघालेली असते. पहिल्या अलार्मला मोठ्यांनी उठून बॅगा दाराकडे सरकवाव्यात, बूट पिशवीत भरावेत, आणि मुलांना दुसऱ्या अलार्मला उठवावं. लेकरं झोपेतच कडेवर घ्यावी लागतील, म्हणून त्या वेळी हातात एकही सुटी पिशवी राहणार नाही अशी बांधाबांध रात्रीच करून झोपा.